मॅरेथॉनपूर्व सरावकपात : अपघाती अनुभवापासून शास्त्रीय प्रमाणापर्यंतचा प्रवास

प्रस्तावना

मॅरेथॉन ही ४२.१९५ किलोमीटर अंतराची शर्यत होय. तिच्या तयारीसाठी धावपटू काही महिने सराव करतो आणि सरावाचे साप्ताहिक अंतर टप्प्याटप्प्याने वाढवीत नेतो. शर्यतीपूर्वीच्या अखेरच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र हेच अंतर जाणीवपूर्वक कमी केले जाते. क्रीडाशास्त्रात यास ‘टेपरिंग’ अशी संज्ञा आहे. ‘टेपर’ म्हणजे मुळात बारीक मेणबत्ती. त्यावरून निमुळते होत जाणे हा अर्थ आला. मराठीत या संज्ञेस अद्याप रूढ प्रतिशब्द नाही, म्हणून प्रस्तुत लेखात ‘सरावकपात’ हा शब्द योजला आहे.

सराव किती कमी करावा, या प्रश्नाचे उत्तर आज जवळपास प्रत्येक मार्गदर्शक पुस्तिकेत ठामपणे दिलेले आढळते : शेवटचे दोन ते तीन आठवडे आणि सुमारे निम्मी कपात. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर महाराष्ट्रातील हजारो हौशी धावपटूंपर्यंतही हेच प्रमाण पोहोचले. परंतु ते आले कोठून, याची चौकशी क्वचितच होते. ही चौकशी केली असता दोन गोष्टी समोर येतात. सरावकपातीचे ज्ञान प्रारंभी कोणी योजनापूर्वक मिळविलेले नाही. आजारपण, दुखापत व अपघात यांनी ते धावपटूंवर लादले. पुढे प्रयोगशाळेने त्यास आकडे दिले, पण ते आकडे बहुतांशी मॅरेथॉनच्या मार्गावर मोजलेले नव्हते.

प्रारंभीची मॅरेथॉन आणि विश्रांतीविषयीचा संशय

पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन १० एप्रिल १८९६ रोजी मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत सुमारे ४० किलोमीटर अंतरावर झाली. ग्रीक धावपटूंच्या निवडीसाठी मुख्य शर्यतीला थोडाच अवधी उरला असताना याच अंतराच्या चाचणी-शर्यती घेण्यात आल्या होत्या. विजेता स्पिरिडॉन लुई (२ तास ५८ मिनिटे ५० सेकंद) हा अशाच एका चाचणीतून संघात आला होता. आजचा कोणताही प्रशिक्षक आपल्या धावपटूस इतक्या अल्प अंतराने दोनदा एवढी मजल मारू देणार नाही. त्या काळी मात्र त्यात कोणास काही वावगे वाटले नाही.

अतिसरावाची जाणीव त्या पिढीला नव्हती असे म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज प्रशिक्षक थकून मंदावलेल्या खेळाडूस ‘शिळा’ झाला असे म्हणत. हा शब्द बोलका आहे. खेळाडू बिघडतो हे त्यांनी पाहिले होते. परंतु बिघाड टाळण्यासाठी किती दिवस आधी, किती प्रमाणात थांबावे, याचा हिशेब त्यांच्याकडे नव्हता. शिवाय थांबल्याने कमावलेले सारे गमावले जाईल ही भीती सार्वत्रिक होती.

अनेकदा अखेरच्या आठवड्यांचे नियोजन प्रशिक्षकाऐवजी आगबोटीचे वेळापत्रक करीत असे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकचे उदाहरण येथे लक्षात घेण्याजोगे आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांतून प्रेरणा घेऊन सर दोराबजी टाटा यांनी या ऑलिंपिकसाठी भारतीय संघ पाठविण्याचा पुढाकार घेतला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद अशा वेळेसह एकोणिसावे स्थान मिळविले. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतराहूनही लांब होती. मुंबईहून युरोपास समुद्रमार्गे जाणाऱ्या धावपटूच्या सरावात आठवड्यांचा खंड अटळ होता. डेकवर जेवढे पाय मोकळे करता येतील तेवढाच सराव. हा खंड त्या काळी केवळ गैरसोय मानला गेला. त्याचा काही उपयोग होऊ शकतो, असा विचार कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही.

ब्रुसेल्स १९५० : रुग्णालयातून मैदानाकडे

या विचाराला पहिला ठळक धक्का ज्या घटनेने दिला, ती मॅरेथॉनमधील नव्हती. १९५० च्या ऑगस्टमध्ये ब्रुसेल्स येथे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा भरल्या. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक हा त्या काळातील सर्वांत कठोर सराव करणारा धावपटू होता. ४०० मीटरच्या डझनावारी धावा, मध्ये अल्पशी संथ धाव आणि हेच दिवसेंदिवस, असा त्याचा क्रम असे. स्पर्धेपूर्वी त्यास अन्नातून विषबाधा झाली व रुग्णालयात दाखल व्हावे लागले. सराव पूर्णतः थांबला. रुग्णालयातून सुटून तो थेट स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याच्याकडून कोणास विशेष अपेक्षा नव्हती. परंतु त्याने १०,००० मीटरची शर्यत २९ मिनिटे १२ सेकंदांत, दुसऱ्या क्रमांकास जवळजवळ एका फेरीने मागे टाकून जिंकली. त्यानंतर ५,००० मीटरची शर्यतही त्याने १४ मिनिटे ३ सेकंदांत, २३ सेकंदांच्या फरकाने जिंकली.

दीर्घपल्ल्याच्या धावण्यावरील लेखनात ही घटना झाटोपेकच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. दक्षिण आफ्रिकेचे वैद्यक टिम नोक्स यांच्या १९८५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘लोअर ऑफ रनिंग’ या ग्रंथामुळे ती जगभरच्या धावपटूंना परिचित झाली. तिचा अर्थ असा लावण्यात आला की, झाटोपेक आजारी पडला म्हणून नव्हे, तर त्या निमित्ताने त्यास सक्तीची विश्रांती मिळाली म्हणून तो इतका वेगवान धावला. महिनोन्महिन्यांच्या सरावाने त्याच्या शरीरात साठलेला थकवा ओसरला आणि त्याखाली दडलेली क्षमता प्रकट झाली.

हा अर्थ आकर्षक आहे, आणि पुढील संशोधनाने त्यास बराच आधारही दिला. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. शर्यतीपूर्वी आजारी पडून नंतर हरलेल्या असंख्य धावपटूंच्या कथा कोणी लिहून ठेवल्या नाहीत. झाटोपेक जिंकला म्हणून त्याचे आजारपण स्मरणात राहिले. एकट्या विजेत्याची आख्यायिका हा पुरावा नसून फार तर एका प्रश्नाची सुरुवात असते.

त्यातही गमतीची गोष्ट अशी की, खुद्द झाटोपेकची सर्वांत मोठी कामगिरी या सिद्धान्तात बसत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने २० जुलै रोजी १०,००० मीटर, त्यानंतर ५,००० मीटरची प्राथमिक फेरी, २४ जुलै रोजी तिची अंतिम फेरी आणि २७ जुलै रोजी मॅरेथॉन अशा शर्यती केल्या. तिन्ही सुवर्णपदके त्याचीच. मॅरेथॉन तो आयुष्यात प्रथमच धावत होता. तिची वेळ २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंद. म्हणजे आठ दिवसांत सुमारे ६२ किलोमीटरची स्पर्धात्मक धाव झाली, कपात शून्य. याच मॅरेथॉनमध्ये इंग्लंडचा जिम पीटर्स हा प्रबळ दावेदार होता. त्याने १४ जून रोजी, म्हणजे जेमतेम सहा आठवडे आधी, २ तास २० मिनिटे ४२ सेकंदांची तोवरची जागतिक सर्वोत्तम वेळ नोंदविली होती. हेलसिंकीत तो शर्यत पूर्ण करू शकला नाही. त्याचे अपयश आधीच्या शर्यतीच्या थकव्यामुळे, विमानप्रवासाच्या त्रासामुळे की सुरुवातीच्या अतिवेगामुळे, हे सांगणे कठीण आहे. एकेका उदाहरणावरून नियम काढण्यातील अडचण ती हीच.

तलावातून आलेला शब्द

योजनाबद्ध सरावकपातीचा आणि तिच्या नावाचा उगम धावण्याच्या मैदानावर झाला नाही. तो जलतरण तलावात झाला. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक कॉटन आणि त्यांचे सहकारी, जलतरण प्रशिक्षक फोर्ब्स कार्लाइल, यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जलतरणपटूंच्या सरावाचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. सतत कठोर सराव करणारे जलतरणपटू स्पर्धेच्या दिवशी थकलेलेच असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून मोठ्या स्पर्धेपूर्वीच्या काही आठवड्यांत सराव क्रमाक्रमाने घटविण्याची पद्धत त्यांनी रूढ केली व तिला ‘टेपर’ हे नाव दिले. कार्लाइल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जलतरण संघाचे प्रशिक्षक होते. १९५२ मध्ये हेलसिंकीस मात्र ते स्वतः खेळाडू म्हणून गेले, तेही आधुनिक पेंटॅथलॉन या वेगळ्याच प्रकारात. प्रयोगशाळा, तलाव आणि स्पर्धा या तिन्ही ठिकाणी वावरणारा माणूस त्या काळी विरळा होता. ही कल्पना त्यांच्याच हातून आकारास यावी, यात नवल नाही.

धावण्याच्या क्षेत्रात याच्याशी समांतर विचार न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्ड यांनी केला. त्यांचे शिष्य आठवड्यास १०० मैल धावत, एवढेच पुष्कळांस ठाऊक असते. लिडियर्ड यांच्या योजनेचा शेवटचा टप्पा मात्र ताजेतवाने होण्याचा होता. शर्यतीपूर्वीच्या अखेरच्या सुमारे दहा दिवसांत सराव हलका केला जाई. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल (८०० मीटर) व मरे हॅलबर्ग (५,००० मीटर) यांनी सुवर्ण, तर बॅरी मॅगी याने मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळविले. या यशानंतर जगाने लिडियर्ड यांच्याकडून १०० मैल उचलले. शेवटचे दहा दिवस उचलण्यास बराच काळ जावा लागला. धावलेले मैल रोजनिशीत लिहिता येतात आणि न धावलेले येत नाहीत, हे त्याचे एक कारण असावे.

१९८४ चे तीन धावपटू

विश्रांतीविषयीचा संशय विज्ञान उपलब्ध असतानाही किती चिवट होता, हे १९८४ च्या तीन प्रकरणांवरून दिसते. अमेरिकेच्या जोन बेनॉइट हिच्या गुडघ्यावर २५ एप्रिल रोजी शस्त्रक्रिया झाली. ऑलिंपिक निवड-मॅरेथॉन १२ मे रोजी, म्हणजे अवघ्या सतरा दिवसांनी होती. धावण्यापासून बराच काळ दूर राहावे लागलेल्या बेनॉइटने ती निवड-शर्यत २ तास ३१ मिनिटे ४ सेकंदांत जिंकली. पुढे ५ ऑगस्ट रोजी लॉस एंजेलिस येथे महिलांच्या पहिल्यावहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचे सुवर्णपदकही २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत तिने मिळविले. पोर्तुगालच्या ३७ वर्षांच्या कार्लोस लोपेस यास ऑलिंपिकपूर्वी काही दिवस सराव करताना मोटारीची धडक बसली. तो थोडक्यात बचावला आणि १२ ऑगस्ट रोजी २ तास ९ मिनिटे २१ सेकंदांत पुरुषांची मॅरेथॉन जिंकला. त्याच शर्यतीत संभाव्य विजेत्यांत गणला गेलेला अमेरिकेचा अल्बर्टो सालाझार पंधरावा आला. त्याच्या घसरणीची चर्चा पुढे अतिसरावाच्या संदर्भातच प्रामुख्याने होत राहिली.

बेनॉइट व लोपेस यांच्या बाबतीतही झाटोपेकविषयी घेतलेला आक्षेप लागू पडतो. पण एवढे निश्चित म्हणता येते की, शर्यतीपूर्वीच्या आठवड्यांत सराव मोडला म्हणजे तयारी वाया गेली, या समजुतीस या उदाहरणांनी तडा दिला.

प्रयोगशाळेतील उत्तर

समजूत चुकीची असेल, तर शरीरात नेमके काय घडते? कॅनडाचे एरिक बॅनिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एक गणिती प्रारूप मांडले. प्रत्येक सराव शरीरात दोन ठसे उमटवितो, एक क्षमतेचा व दुसरा थकव्याचा. खेळाडूची कामगिरी ही या दोहोंची वजाबाकी असते. थकव्याचा ठसा दिवसांच्या हिशेबात, तर क्षमतेचा आठवड्यांच्या हिशेबात पुसट होतो. या दोन वेगांतील तफावतीत सरावकपातीचे सारे रहस्य सामावले आहे. (या प्रारूपासाठी आधार म्हणून घेतलेली माहितीही एका जलतरणपटूची होती.)

क्षमता टिकविण्यासाठी किमान किती सराव पुरतो, याचे उत्तर रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८१ ते १९८५ दरम्यानच्या प्रयोगमालिकेने दिले. दहा आठवडे आठवड्यातून सहा दिवस रोज ४० मिनिटे कठोर व्यायाम केलेल्या व्यक्तींचा सराव पुढील पंधरा आठवडे कमी करण्यात आला. व्यायामाचा वेळ २६ किंवा १३ मिनिटांवर आणला तरी कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता टिकली. वेळ तसाच ठेवून तीव्रता एक तृतीयांशाने वा दोन तृतीयांशांनी घटविली, तेव्हा मात्र ती घसरली. अंतर घटविता येते, वेग घटविता येत नाही, हा सरावकपातीचा पहिला शास्त्रीय नियम येथून आला. पूर्ण विश्रांती हा मार्ग नव्हे, हेही याच काळात स्पष्ट झाले. एडवर्ड कॉइल व सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखविले की, सराव अजिबात थांबविल्यास पहिल्या तीन आठवड्यांतच ही ग्रहणक्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटते. जुन्या प्रशिक्षकांची भीती सर्वस्वी निराधार नव्हती. सराव कमी करणे आणि सराव बंद करणे यांत त्यांनी भेद केला नाही, इतकेच.

हा भेद सर्वांत नेटकेपणाने दाखविणारा प्रयोग कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात शेप्ली व सहकाऱ्यांनी केला (१९९२). तयारीतील धावपटूंना सात दिवस तीन प्रकारे कपात करावयास सांगण्यात आली : थोडे पण वेगवान धावणे, मध्यम अंतर संथ धावणे आणि पूर्ण विश्रांती. ठरावीक वेगाने दमेपर्यंत धावण्याचा कालावधी पहिल्या प्रकारात २२ टक्क्यांनी व दुसऱ्यात ६ टक्क्यांनी वाढला. पूर्ण विश्रांतीनंतर तो ३ टक्क्यांनी घटला. पहिल्या प्रकारात स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा व रक्ताचे आकारमान वाढल्याचेही आढळले. दोनच वर्षांनी जोसेफ हौमार्ड यांनी सात दिवसांत ८५ टक्के कपात करूनही, उरलेला सराव वेगवान ठेवल्यास, ५ किलोमीटरची वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारते हे दाखविले.

ग्लायकोजेनचा उल्लेख येथे सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण मॅरेथॉनचा संबंध सर्वांत थेट येतो तो याच ठिकाणी. स्वीडनचे बर्गस्ट्रॉम व हल्टमन यांनी १९६६ साली स्वतःवरच प्रयोग केला. दोघांनी एकाच सायकलवर प्रत्येकी एका पायाने व्यायाम केला, नंतर कर्बोदकयुक्त आहार घेतला आणि सुईने स्नायूंचे नमुने काढून तपासले. थकलेल्या पायातील ग्लायकोजेनचा साठा विश्रांत पायाच्या सुमारे दुप्पट झाला होता. यावरून शर्यतीच्या आठवडाभर आधी दमवणारी धाव, मग काही दिवस कर्बोदके वर्ज्य आणि शेवटी भरपूर कर्बोदके असा क्रम प्रचारात आला. इंग्लंडच्या रॉन हिल याने १९६९ ची अथेन्समधील युरोपीय मॅरेथॉन याच पद्धतीने तयारी करून जिंकली. पुष्कळांस हा क्रम सोसवत नसे. १९८१ साली शेर्मन, कॉस्टिल व सहकाऱ्यांनी दमवणारा टप्पा अनावश्यक ठरविला : सराव क्रमाने कमी करून शेवटचे तीन दिवस कर्बोदके वाढविल्यास साठा जवळपास तेवढाच होतो. अशा रीतीने जे काम अघोरी आहाराकडे सोपविले होते, ते सरावकपातीकडे आले.

उसने घेतलेले प्रमाण

२००७ साली लॉरेंट बॉस्के, इनिगो मुहिका व सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. १८२ अभ्यासांपैकी निकषांवर उतरलेले अवघे २७ अभ्यास त्यात समाविष्ट होते. सर्वाधिक लाभ दोन आठवड्यांच्या कपातीत, एकूण अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी घटवून, वेग व सरावाच्या दिवसांची संख्या कायम ठेवून मिळतो, असे त्यांनी नोंदविले. आठवड्यास ८० किलोमीटर धावणाऱ्या व्यक्तीसाठी याचा अर्थ असा की, शेवटून दुसऱ्या आठवड्यात ५० व शर्यतीच्या आठवड्यात (शर्यत वगळून) ३० किलोमीटरच्या आसपास धावावे. धावण्याचे दिवस तेवढेच असावेत, प्रत्येक धाव मात्र आखूड असावी. आजच्या पुस्तिकांतील ‘निम्मी कपात’ येते ती येथून.

परंतु हे २७ अभ्यास पोहणे, सायकल चालविणे व धावणे या प्रकारांतील होते आणि त्यांतील चाचण्या प्रायः मिनिटांत मोजण्याजोग्या होत्या. मॅरेथॉनपटूस दिले जाणारे प्रमाण हे असे मोठ्या अंशी उसने आहे. या प्रकारात संशोधकाचा दोष नाही. ५ किलोमीटरची चाचणी कपातीपूर्वी व नंतर अशी दोनदा घेता येते. मॅरेथॉन दोन आठवड्यांत दोनदा धावावयास लावले, तर पहिल्या धावेचा थकवाच दुसरीचा निकाल ठरवील. ज्या शर्यतीस विश्रांतीची सर्वाधिक गरज, तिच्यावरच नियंत्रित प्रयोग करणे सर्वाधिक दुष्कर, असा हा पेच आहे. लांब अंतराच्या सरावाने स्नायूतंतूंची होणारी झीज भरून येण्यास किती दिवस लागतात, हा प्रश्न पोहण्याच्या अभ्यासातून सुटणारा नव्हता. पाण्यात पाय जमिनीवर आदळत नाहीत.

ही त्रुटी अंशतः भरून काढण्याचा प्रयत्न बॅरी स्मिथ व एंगस लॉलर यांनी २०२१ साली वेगळ्या मार्गाने केला. त्यांनी प्रयोग टाळून दीड लाखाहून अधिक हौशी मॅरेथॉनपटूंनी उपकरणांवर नोंदविलेला सराव तपासला. ज्यांनी तीन आठवडे काटेकोरपणे, म्हणजे दर आठवड्यास अंतर खरोखर घटवीत कपात केली होती, त्यांची वेळ नाममात्र कपात करणाऱ्यांपेक्षा मध्यकाच्या हिशेबाने ५ मिनिटे ३२ सेकंदांनी, म्हणजे २.६ टक्क्यांनी सरस आढळली. महिलांत हा लाभ पुरुषांहून अधिक होता. २००७ च्या दोन आठवड्यांऐवजी येथे तीन आठवडे पुढे यावेत, हे मॅरेथॉनच्या वेगळेपणाशी सुसंगत आहे.

अर्थात जो धावपटू कपात काटेकोरपणे पाळतो, तो आहार, झोप व शर्यतीतील वेग यांतही बहुधा काटेकोर असतो. लाभापैकी किती वाटा कपातीचा व किती शिस्तीचा, हे अशा नोंदींतून वेगळे काढता येत नाही. झाटोपेकच्या एकट्या उदाहरणास घेतलेला आक्षेप दीड लाख उदाहरणांनी सौम्य होतो, नाहीसा होत नाही. तरीही २.६ टक्क्यांचा हा आकडा प्रयोगशाळेतील सुमारे ३ टक्क्यांच्या निष्कर्षाजवळ यावा, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. दोन अगदी भिन्न पद्धतींचे अंदाज येथे प्रथमच एकमेकांच्या इतके निकट आले आहेत, आणि त्यांपैकी एक तरी आता प्रत्यक्ष ४२.१९५ किलोमीटरवर मोजलेला आहे.